येतानाच्या खुणा

मला चालायची हौस कधीच नव्हती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोकांना वाटतं, पेंटरची बायको म्हणजे हीसुद्धा रानावनात हिंडणारी असेल. मी शिलाई मशीनवर बसणारी बाई. पायडल मारून मारून उजवा गुडघा कामातून गेलेला. घरासमोर तो कडा, म्हणजे चुनखडीची उंचच उंच भिंत, तिच्या डोक्यावर दाट झाडी, आणि त्या झाडीतून कडेकडेनं जाणारी पायवाट. जन्म गेला तो बघण्यात, पण वर जावंसं कधी वाटलं नाही. खाली आमच्या बैठ्या घरांच्या रांगा, सगळी घरं एका साच्यातून काढलेली. तेवढं जग मला पुरे होतं.

आमचे हे बोर्ड रंगवायचे. न्हाव्याचं दुकान, औषधांचं दुकान, ‘समोर गाडी लावू नये’, ‘शांतता राखा’, गावातलं कुठलंही जुनं अक्षर घ्या, ते ह्यांचं. पट्टी न लावता सरळ रेघ मारायचे. त्याचा एवढा अभिमान की घरात भिंतीवरची तसबीर केसभर तिरकी असली तरी जेवता जेवता उठायचे. बोलायचं मात्र कमी. लग्न ठरलं तेव्हा माझ्या भावानं विचारलं, ‘काय हो, मुलगी पसंत आहे ना?’ तर म्हणाले, ‘हो.’ बस्स. पुढची सगळी वर्षं मी एकटीच बोलते आहे.

मग छापील प्लास्टिकचे बोर्ड आले आणि काम आटलं. हे दिवसभर ओट्यावर बसून रिकाम्या डब्यांची झाकणं उघडायचे, लावायचे. मला तर वेड लागायची पाळी आली होती. त्याच सुमारास भटक्या मंडळींचा जो संघ आहे, त्याचा सेक्रेटरी आला. बँकेतून निवृत्त झालेला, अगदी सभ्य माणूस. म्हणाला, ‘पेंटरकाका, वरच्या पायवाटेच्या खुणा पुसट झाल्यात, मारून द्याल का?’ हे म्हणाले, ‘हो.’ तेव्हापासून ती वाट ह्यांची झाली.

खुणा म्हणजे काय, तर झाडाच्या खोडावर हाताएवढी उभी पिवळी पट्टी. एक पट्टी असली की सरळ चला. एकावर एक दोन पट्ट्या असल्या की पुढे वळण आहे, आणि वरची पट्टी ज्या बाजूला सरकवलेली, त्या बाजूला वळा. ह्यात न समजण्यासारखं काही नाही. पण ह्यांचा एक नियम होता. जातानाच्या खुणा जाताना मारायच्या आणि येतानाच्या येताना. जाताजाताच मागे वळून झाडाच्या पाठीवर पट्टी ओढायची नाही. मी एकदा म्हटलंसुद्धा, ‘अहो, एका फेरीत दोन्ही उरकत नाही का?’ तर म्हणाले, ‘परत येणाऱ्याला काय दिसतं, ते परत येतानाच कळतं.’ एवढं लांबलचक वाक्य ऐकून मीच गप्प झाले.

या वर्षी त्या कड्याचा एक तुकडा ढासळला. कडा जिथे कोपरासारखा वळतो, नेमका तिथला. खुणांची वाट तिथे आत झाडीत सरकवायची ठरली. संघाच्या लोकांनी नव्या वाटेवर फांद्यांना लाल फिती बांधून ठेवल्या. ह्यांनी एकट्यानं जाऊन फिती सोडायच्या आणि त्या जागी पट्ट्या मारायच्या. हे गेले, काम करून आले, मी विसरूनही गेले.

आणि मग तक्रारी यायला लागल्या.

सेक्रेटरी आला तेव्हा हे मागे अंगणात ब्रश धूत होते. हा खुर्चीच्या कडेवर टेकला आणि चहाकडे बघत राहिला. ‘काकू, जाताना लोक बरोबर जातात हो. परत येताना कोपराच्या झाडीत हरवतात. परवा एक कुटुंब अंधार पडल्यावर कसंबसं खाली आलं. पोरं रडून रडून बेजार.’ मी म्हटलं, ‘एका बाजूला एवढा मोठा कडा असताना माणूस हरवतोच कसा?’ तो म्हणाला, ‘तेच कुणाला कळत नाहीये.’ मग जरा थांबून, हळू आवाजात, ‘काकांना आता विश्रांती द्यावी असं मंडळींचं म्हणणं आहे. त्यांची तब्येत... म्हणजे, बरी असते ना?’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘त्यांना काय धाड भरली आहे?’ म्हटलं. पण तो गेल्यावर मी मशीनपाशी बसले आणि सुईत दोरा ओवता येईना. कारण मला माहीत होतं ना! साखरेच्या डब्यात मीठ निघालं होतं. चष्मा फ्रीजमध्ये सापडला होता. धाकट्या जावयाला त्यांनी दोनदा विचारलं होतं, ‘तुम्ही कुठले?’ मी हसण्यावारी नेलं होतं. वय झालं की विसरतं माणूस, मीही विसरते. पण हे विसरणं आणि ते विसरणं एकच का? कुठे रेघ ओढायची? मला काही उमजेना. आणि ब्रश काढून घेतला तर हा माणूस पुन्हा ओट्यावर बसून झाकणं उघडणार, हे मात्र लख्ख दिसत होतं.

मी ठरवलं, आपण स्वतः वर जायचं. आपल्या डोळ्यांनी बघायचं. खुणा बरोबर निघाल्या तर सेक्रेटरीच्या तोंडावर सांगायचं, की तुमच्या लोकांना डोळे नाहीत. नाही निघाल्या तर... त्याच्यापुढे विचार केला नाही.

‘मी येणार आहे तुमच्याबरोबर,’ मी सांगितलं.

‘कुठे?’

‘वर. झाडीत.’

ह्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘बूट आहेत का तुला?’ म्हणाले. नव्हते. मुलीचे जुने घातले, पुढे कागद कोंबून.

सकाळी निघालो. बंद पडलेल्या खाणीच्या फाटकापासून वाट चढते. ह्यांच्या खांद्याला पिशवी, तीत पिवळा डबा, तपकिरी डबा आणि दोन ब्रश. तपकिरी रंग चुकलेली खूण झाकायला. माझ्याकडे ब्रेड, उकडलेली अंडी, संत्री आणि चहाचा थर्मास. पहिल्याच चढणीला मी देवाला आणि सेक्रेटरीला एकाच दमात आठवलं.

पण वर पोचल्यावर, खरं सांगते, मला काही सुचेचना. खाली आमच्या घरांची पत्र्याची छपरं बटणं मांडल्यासारखी. आणि वर ही झाडं! मातीच नाही हो तिथे. नुसता पांढुरका खडक, भेगाच भेगा, आणि त्या भेगांमध्ये बोटं खुपसावीत तशी मुळं खुपसून झाडं उभी. खडकावर इतकं जाड शेवाळ की पाय टाकताना लाज वाटावी. एका भेगेतून गार वारा येत होता, जसा काही आत कुणी फ्रीज उघडा ठेवलाय. ह्यांना म्हटलं, ‘एवढं सगळं होतं इथे, तर सांगितलं का नाही कधी?’ म्हणाले, ‘तू विचारलं नाहीस.’ घ्या!

खुणा एकूण एक बरोबर. एका झाडापाशी उभं राहिलं की पुढची पट्टी दिसायचीच. कोपराच्या नव्या वाटेवरही तसंच. आत झाडी दाट, खडकांचे चौकोनी ठोकळे पसरलेले, कडा दिसतच नव्हता. पण पट्टी, पट्टी, दोन पट्ट्या, वळण, पुन्हा पट्टी. मला अगदी स्फुरण चढलं. हे पुढे चालत होते, पाठ ताठ. पाण्याच्या टाकीपर्यंत पोचलो, तिथे वाट संपते. मी अंडी सोलता सोलता म्हटलं, ‘संघाच्या लोकांना एकेक चष्मा करून द्यायला हवा.’ हे अंडं हातात धरून बसून राहिले.

‘काय झालं?’

‘काही नाही. येतानाची बाजू बघायची आहे अजून.’

परत निघालो. कोपराच्या तोंडाशी एक मोठा दुभंगलेला खडक आहे, त्याच्या फटीतून झाड वर आलंय. मी त्यावर टेकले, बुटातला खडा काढला, एक संत्रं खाल्लं. सालं टाकणार तेवढ्यात हे डोळे वटारून बघायला लागले, म्हणून फटीत नीट खोचून ठेवली. झाडावर दोन पट्ट्या, वरची डावीकडे. डावीकडे वळलो.

चालतोय, चालतोय. पट्टी दिसतेय, मन निवांत. एक वळण, दुसरं वळण. झाडीतून उजेड दिसायचा, वाटायचं तो बघ कडा आला, तर थोड्या वेळानं दुसऱ्याच बाजूला उजेड. कोपरच तो, दोन्ही अंगांनी आभाळ. सकाळी जाताना हा पडलेला ओंडका लागला होता का? मला आठवेना. गुडघा बोंबलायला लागला होता. मग एक मोठा खडक आला, त्याच्या फटीतून झाड वर आलेलं, आणि फटीत कुणी तरी संत्र्याची सालं कोंबलेली.

‘बघा! लोकांना काही शिस्त आहे का?’ मी म्हटलं. ‘खातात आणि इथेच...’

आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सालं माझीच होती.

आपण तर सरळ पुढे चाललो होतो. मागे वळलोच नाही. मग पुढचं मागे कसं आलं? झाडावर त्याच दोन पट्ट्या, वरची डावीकडे. मी म्हटलं, ‘आपली एखादी खूण चुकली असेल. पुन्हा बघू या.’ ह्यांचा चेहरा उतरला होता, पण मान हलवली. पुन्हा गेलो. या वेळी मी एकेक पट्टी मोठ्यानं ‘ही आली, ही आली’ म्हणत गेले. एकही सुटली नाही. आणि पुन्हा माझी सालं.

खालून वाऱ्याबरोबर कुठल्या तरी शाळेची घंटा ऐकू आली, पण ती नक्की कुठल्या बाजूनं, ते कळेना. ‘अहो, ह्या खुणा कुणी मारल्या? कुणी खोडसाळपणा केलाय का?’ मी विचारलं. मनातून नवस बोलावा तसं म्हणत होते, हो म्हणा, हो म्हणा.

ह्यांनी झाडापाशी जाऊन पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं. ‘माझा हात आहे,’ म्हणाले. मग अंगठ्याच्या नखानं कडेला खरवडलं. वरचा पापुद्रा निघाला, खाली पिवळाच. तो खरवडला, खाली आणखी पिवळा. हे पुढच्या झाडाकडे गेले, तिथेही तेच. परत आले आणि त्या खडकावर बसले, माझ्या सालांशेजारी.

‘रंगाचे तीन तीन हात आहेत,’ म्हणाले.

‘म्हणजे?’

‘म्हणजे मी इथेच फिरत होतो.’

मला काही समजलं नाही. खरंच नाही. मी म्हटलं, ‘फिरत होता म्हणजे काय? काम करत होता ना?’

‘काम करतच फिरत होतो. सकाळी फिती होत्या, त्या मी सोडत गेलो. येताना फिती नव्हत्या. एक वळण चुकलं असणार. चुकलं ते कळलं नाही, मी पट्ट्या मारत चाललो. गोल फिरून इथे आलो, तर समोर पट्टी.’ ते थांबले. ‘मला वाटलं, वा, आपण बरोबर चाललोय. पट्टी दिसली की माणूस निवांत होतो ना. रंग तेवढा फिका वाटायचा, खोड पीत होतं. म्हणून पुन्हा हात मारायचो.’

‘तीनदा?’

‘तीनदा असेल. मला वेगवेगळी झाडं वाटली.’

‘आणि बाहेर कसे पडलात?’

‘ते नाही आठवत.’

त्या दिवशी हे उशिरा घरी आले होते, सदराभर पिवळा रंग. ‘काम जास्त निघालं,’ एवढंच म्हणाले होते, आणि जेवण परत गरम करताना मी भांडी आपटली होती. दुपारभर हा माणूस इथे स्वतःच्याच खुणांमागे गोल गोल फिरत होता, आणि त्याला वाटत होतं, सगळं ठीक चाललंय. मला रडू आवरेना. मी ओरडलेच, ‘मग सांगायचं नाही का मला? मी कोण आहे तुमची?’

‘काय सांगू?’ हे म्हणाले. ‘मलाच माहीत नव्हतं. आत्ता कळलं, तुझ्याबरोबरच.’

मग मी नाक पुसलं, कारण ऊन कलायला लागलं होतं आणि रडून कुणी खाली उतरत नाही. मी थर्मासातला उरलेला चहा ह्यांना दिला. एकदम डोक्यात आलं.

‘अहो, सकाळच्या खुणा बरोबर आहेत ना? जातानाच्या?’

‘त्या बरोबर आहेत.’

‘मग झाडांच्या पाठी बघू या की! मी झाडामागे जाऊन बघते. पाठीवर पट्टी असली तर तेच झाड आपलं.’

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की लग्नाच्या वेळी पाहिलं असतं तर भावाला विचारावं लागलं नसतं. ‘पण आधी हा गोल झाकायला हवा,’ म्हणाले. ‘माणसं येतात इथे. पोरं येतात.’ त्यांनी तपकिरी डबा माझ्यापुढे धरला. ‘तू झाक. माझ्याच्यानं होणार नाही.’

‘मी? आणि मी हरवले तर?’

‘गोलच आहे. इथेच येशील. मी इथून हाका मारतो.’

मी निघाले. एकेक पट्टी झाकत, हातावर, साडीवर तपकिरी शिंतोडे घेत. झाकलेली पट्टी मागे राहायची आणि दिसेनाशी व्हायची. खडकाकडून आवाज यायचा, ‘अगं ए!’ मी ओरडायची, ‘आहे, आहे!’ जन्मात हा माणूस एवढं बोलला नव्हता. आवाज आधी पाठीमागून, मग उजवीकडून, मग कुठून ते कळेना, मग एकदम समोरून. बघते तर हे उभे, दोन्ही हात तोंडाशी धरून, हाक मारण्याच्या तयारीत.

मग खडकापासून खरी वाट शोधली. मी झाडामागे डोकावायची, ‘आहे!’ म्हणायची, आणि हे पुढच्या बाजूला पट्टी ओढायचे. हात तोच. सरळ रेघ. सकाळच्या ह्यांनी दुपारच्या ह्यांना बाहेर काढलं म्हणायचं. खाणीचं फाटक दिसलं तेव्हा मी त्या गंजक्या लोखंडाला चक्क नमस्कार केला.

उतरताना मी मनात सगळं रचून ठेवलं. सेक्रेटरीला सांगायचं, कुणा टारगटानं खोट्या खुणा मारल्या होत्या, आम्ही झाकल्या, आता काळजी नको. ब्रश ह्यांच्याकडेच राहील आणि मी बरोबर जात जाईन. गुडघा गेला खड्ड्यात. अगदी ठरलं. मग आमच्या गल्लीत शिरलो, आणि हे आपल्या घरावरून पुढे चालत गेले. पाठ ताठ, पाऊल एकसारखं, त्या झाडीत चालत होते तसेच. मी फाटकापाशी उभी. चार घरं पुढे गेल्यावर थांबले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळी घरं सारखीच. मग मागे वळले आणि मी दिसले.

‘विचारात होतो,’ जवळ येऊन म्हणाले.

‘असू दे,’ मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत त्यांनी ब्रश स्वच्छ धुतले, डबे पुसले आणि सेक्रेटरीकडे स्वतः जायला निघाले. मी धावतपळत बरोबर गेले, माझी टारगटाची गोष्ट तोंडात तयार. पण ह्यांनी मला बोलूच दिलं नाही. ‘तो गोल मीच मारला होता,’ म्हणाले. ‘काल दुरुस्त केलं. पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघा.’ बिचारा सेक्रेटरी, त्याला कुठे बघावं कळेना. डबे घेतले आणि हातात धरूनच उभा राहिला. मला त्याचा राग यायला हवा होता, तो आला नाही. ह्यांचा आला. मग तोही गेला.

आता एक सांगते. वरून आलो त्या रात्रीच मी पिवळ्या डब्यातला थोडा रंग जॅमच्या बाटलीत ओतून घेतला होता. का, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. संध्याकाळी बटणांच्या डब्यामागे तो सापडला, तशी भाजीचं निमित्त करून गल्लीच्या तोंडाशी गेले. तिथे दिव्याचा खांब आहे. घराकडे तोंड करून उभी राहिले, येणाऱ्याला काय दिसतं ते नीट बघितलं, आणि दोन पट्ट्या ओढल्या, वरची डावीकडे सरकवून. मग आमच्या फाटकाच्या खांबावर एक. शेजारीण म्हणाली, ‘हे काय नवीन?’ मी म्हटलं, ‘घराला नजर लागू नये म्हणून.’

मागे वळले तर हे उभे. माझ्या रेघांकडे डोळे बारीक करून बघत होते. माझ्या रेघा म्हणजे वाकड्यातिकड्या, ओघळ आलेल्या. म्हटलं, आता तसबिरीसारखं सरळ करायला बसतात की काय. त्यांनी बोटानं ओघळ टिपला, तेवढंच. मग फाटकाच्या खांबाला वळसा घालून आतली बाजू पाहिली.

‘जातानाची मारली नाहीस,’ म्हणाले.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘ती मी मारणार नाही.’